पत्र्याला हाताने गोलाई देताना या चुका टाळा

मडगार्ड असो की डक्टचा (हवेच्या नळाचा) एल्बो, म्हणजे वळणाचा तुकडा, भाग बिघडला की दोष हातोडीला दिला जातो. खरी चूक बहुतेकदा त्याआधीच झालेली असते. पत्रा कुठे लांबवायचा आणि कुठे आक्रसवायचा, हे न ठरवताच ठोकायला सुरुवात केलेली असते. पाइपासारखी एकाच दिशेची गोलाई नुसती वळवून येते, तिथे ठोके मारले की पत्रा उगाच लांबतो. मडगार्डला मात्र दोन्ही दिशांनी गोलाई हवी. मधला भाग लांबवल्याशिवाय किंवा कडा आक्रसवल्याशिवाय ती येत नाही.

इंदूरच्या लोहामंडीत जाऊन नुसता ‘वीस गेजचा पत्रा’ मागू नका. जाडी (साधारण ०.९ मिमी) बरोबर मिळेल, पण सीआर (थंड लाटलेला) पत्रा फुल हार्ड, म्हणजे पूर्ण कडकही असतो आणि तो वाकवताना तडकतो. सीआरसीए (लाटल्यावर तापवून मऊ केलेला), त्यातही डीडी (खोल आकार देण्याजोगा) ग्रेड मागा.

सांवेर रोडकडच्या वर्कशॉपमध्ये हाताने फिरवायचे तीन रोलरांचे मशीन वापरत असाल, तर पत्र्याची लांबी आतल्या व्यासावरून काढू नका. आतला व्यास ३०० मिमी आणि पत्रा १ मिमी असेल, तर ३०१ ला (व्यास अधिक जाडी) ३.१४ ने गुणा. नाहीतर सांध्याला सुमारे ३ मिमीची फट राहते. दोन्ही टोके रोलरमध्ये सपाटच राहतात, म्हणून ती आधी पाइपावर मोगरीने (लाकडी हातोडीने) वळवून घ्या. नळी एका बाजूला निमुळती होत असेल, तर मागचा रोलर समांतर नाही. एकाच फेरीत पूर्ण वळवायची घाई नको. थोडे वळवा, फर्मा (हव्या गोलाईचा नमुना) लावून पाहा, मग पुन्हा.

श्रिंकर-स्ट्रेचरवर (दातेरी जबड्यांनी कड आक्रसवणाऱ्या किंवा लांबवणाऱ्या यंत्रावर) सगळ्यात जास्त नुकसान एकाच जागी जोरात दाबल्याने होते. तिथे कोन पडतो आणि दातांचे व्रण खोल जातात. हलके दाब द्या, पट्टीच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत, पुन्हा परत. जबड्याच्या दातांना तेल लागू देऊ नका, पकड सुटते. स्ट्रेचरला लावण्याआधी कडेची बर (कापताना राहिलेली खरखरीत धार) कानशीने काढाच, कारण चीर तिथूनच सुरू होते.

वाळूच्या पिशवीवर ठोकताना हातोडी उसळू लागली आणि आवाज टणक झाला, तर धातू कडक झालाय. आणखी जोर लावला तर फाटेल, म्हणून आधी तापवून मऊ करा. अॅल्युमिनियमवर कपड्यांचा साबण घासा, ज्योतीने तापवा आणि साबण गडद तपकिरी होताच ज्योत काढा. हा धातू लाल न होता वितळतो, त्यामुळे रंगाची वाट पाहू नका. तांबे मंद लाल होईपर्यंत तापवले की पुरे. जीआय (जस्ताचा थर दिलेला) पत्रा मात्र कधीही तापवू नका, जस्ताचा धूर श्वासात गेला की ताप भरतो.

पत्रा दाबला की टक् करून आत जातो आणि सोडला की वर येतो, अशा झोलावरच लोक हातोडी चालवतात. हे पाहून मला खरोखर वाईट वाटते. तो भाग आधीच जास्त लांबलेला आहे, ठोकल्याने आणखी लांबेल. साध्या पोलादी पत्र्यात झोलाच्या मधोमध रुपयाएवढा ठिपका लाल करा, खाली डॉली (हातात धरायचा लोखंडी ठोकळा) धरून भोवतीने हलके ठोका, मग ओल्या फडक्याने गार करा. फरक पाहून गरज असेल तरच दुसरा ठिपका घ्या. बरेचदा एकातच काम होते.