मेनोपॉजची केस: परीक्षेत या चुका टाळा

परीक्षा जवळ आली की मिरजेत रेसिडेंट डॉक्टर मंडळी मॉकला, म्हणजे सराव परीक्षेला, येतात आणि त्याच त्या जागी मार्क घालवतात. नोट्स तोंडपाठ असतात, पण समोरच्या बाईचं बोलणं कानावरून जातं.

सगळ्यात महागात पडते ती चूक म्हणजे गर्भपिशवी आहे की नाही हे धड न विचारणं. एका मॉकला आमच्या मावशींना तासगावकडच्या ४९ वर्षांच्या बाईची भूमिका दिली होती. अंगातून वाफा निघतात, रात्री ब्लाऊज भिजतो, पाळी जाऊन सव्वा वर्ष झालं. पोरगा हुशार. विचारलं, "ऑपरेशन झालंय का?" मावशी म्हणाल्या, "व्हय की, धाकट्याच्या बाळंतपणात." गड्याने पिशवी काढली असं धरलं आणि नुसतं इस्ट्रोजेन हार्मोन लिहून मोकळा झाला. अरे बाबा, ते मुलं बंद करायचं ऑपरेशन! पिशवी तेव्हाच गेली असती, तर सव्वा वर्षापूर्वीपर्यंत पाळी कुठून येत होती? पिशवी असलेल्या बाईला प्रोजेस्टोजेन या जोडीच्या हार्मोनशिवाय इस्ट्रोजेन दिलं की गर्भाशयाचं अस्तर वाढत जातं आणि पुढे कॅन्सरचा धोका. इथे परीक्षक दयामाया दाखवत नाही, दाखवूही नये.

मी दोन प्रश्न वेगवेगळे विचारते: "मुलं बंद करायचं ऑपरेशन झालंय का?" आणि "पिशवी काढलीय का?" काढली असेल तर अंडाशय ठेवलेत का आणि डिस्चार्जचा कागद आहे का, हेही. पस्तिशीत पिशवी काढलेल्या बायका ओपीडीत भेटतात, आणि आत नेमकं काय उरलंय हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

दुसरं दुखणं हार्मोन थेरपीचा धोका सांगण्याचं. एक म्हणतो "कॅन्सर होतो", दुसरा म्हणतो "काही होत नाही, घ्या". दोघेही नापास. डब्ल्यूएचआयचा (विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह, अमेरिकेतला) २००२ चा हार्मोन थेरपीवरचा अभ्यास नावापुरता फेकू नका. त्यातल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं आणि औषध तोंडाने घ्यायचं होतं. इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिन (प्रोजेस्टोजेनचाच प्रकार) घेणाऱ्या १०,००० बायकांमागे वर्षाला स्तनाच्या कॅन्सरच्या साधारण ८ केस जास्त निघाल्या. आकडा असा सांगा, मग गप्प बसा. तिला विचारू द्या.

बाकीचं थोडक्यात. पंचेचाळिशीपुढच्या बाईला ठरलेली लक्षणं असताना एफएसएच या हार्मोनची रक्ततपासणी मागवू नका. चाळिशीच्या आत मात्र तपासायलाच हवं. पाळी गेल्यावर अंगावरून रक्त जात असेल तर आधी त्याचं कारण शोधा, हार्मोन नंतर. रक्ताच्या गुठळीचा धोका असलेल्या बाईला गोळीऐवजी जेल किंवा पॅचचा विचार करा. हार्मोन थेरपी म्हणजे गर्भनिरोधक नव्हे: शेवटची पाळी पन्नाशीच्या आत आली असेल तर पुढे दोन वर्षं, नंतर आली असेल तर एक वर्ष काळजी घ्यायला सांगा. योनीच्या कोरडेपणाबद्दल तुम्हीच विचारा, ती आपणहून सांगणार नाही. नुसती तेवढीच तक्रार असेल तर कमी मात्रेचं इस्ट्रोजेन क्रीम पुरतं, त्याला प्रोजेस्टोजेनची जोड लागत नाही.

कोचिंगवाल्यांनी प्रश्न लक्षात ठेवायला दिलेली आद्याक्षरं पाठ करून येणाऱ्यांना मी पहिल्या मिनिटात ओळखते. शेवटचं "काही शंका?" घाईत उरकून ते उठतात. तीन महिन्यांनी परत बोलवा, आणि हार्मोन सुरू केल्यावर सुरुवातीला थोडंफार रक्त जाऊ शकतं हे आधीच सांगा. नाहीतर पहिला डाग दिसला की ती औषध बंद करते आणि तुमच्याकडे परत येतच नाही.