दुसऱ्याच्या सर्व्हरला आपला चेहरा: लेमीचा पर्यायी इंटरफेस सांभाळताना

उद्यमबागेतल्या एका कारखान्यात मी दिवसभर स्टोअर आणि बिलिंगचं सॉफ्टवेअर बघतो. संध्याकाळी खानापूरला घरी जायचं, जेवायचं आणि मग तास-दीड तास लेमी या चर्चेच्या साइटचा एक पर्यायी वेब इंटरफेस, म्हणजे ब्राउझरमध्ये दिसणारा चेहरा, सांभाळायचा, असं २०२३ च्या पावसाळ्यापासून चाललंय. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातली कॉलेजची मुलं भेटली की विचारतात, ओपन सोर्समध्ये सुरुवात कुठून करायची? प्रत्येकाला तुकड्यातुकड्यांनी सांगत बसण्यापेक्षा एकदाच नीट लिहून काढतोय.

आधी लेमी म्हणजे काय ते सांगतो. विषयवार समूहांत पोस्टी आणि कमेंट टाकून चर्चा करायची ही जागा, पण ती कुणा एकाच्या सर्व्हरवर नसते. आपल्याकडं गल्लीगल्लीत गणेश मंडळ असतं. प्रत्येकाची वर्गणी वेगळी, नियम वेगळे, कार्यकर्ते वेगळे. पण विसर्जनाला सगळे एकाच मिरवणुकीत येतात आणि कपिलेश्वर तलावाकडं जातात. लेमीचे सर्व्हर तसेच. प्रत्येक सर्व्हरचा मालक वेगळा, पण ॲक्टिव्हिटीपब नावाच्या सामाईक नियमानं ते एकमेकांशी बोलतात. वेबचे मापदंड ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेनं हा नियम जानेवारी २०१८ मध्ये मान्य केला. ट्विटरसारखं असलेलं मॅस्टोडॉनही त्याच नियमावर चालतं. फरक इतकाच, की मॅस्टोडॉनवर आपण माणसांच्या मागं जातो आणि लेमीवर विषयांच्या.

२०२३ मध्ये रेडिट या चर्चेच्या साइटनं एपीआयसाठी, म्हणजे बाहेरच्या प्रोग्रॅमना तिच्याशी बोलायच्या सोयीसाठी, पैसे लावले. रेडिट वाचायचं अपोलोसारखं लाडकं ॲप ३० जूनला बंद पडलं आणि त्याच दिवसांत पुष्कळ लोक लेमीवर आले. मीही त्यातलाच एक. आल्यावर माझ्या लक्षात आलं, की इथं सर्व्हर आणि चेहरा हे दोन वेगळे प्रोग्रॅम आहेत. सर्व्हर रस्ट भाषेत लिहिलाय, खाली पोस्टग्रेस डेटाबेस. त्याच्यासोबत येणारा मूळ इंटरफेस टाइपस्क्रिप्ट आणि इन्फर्नोमध्ये. दोघं एपीआयवरून बोलतात आणि तोच एपीआय तुम्हा-आम्हालाही खुला आहे. म्हणून कुणी स्वेल्टकिट वापरून फोटॉन केलं, कुणी आयोनिक आणि रिॲक्टमध्ये व्हॉयेजर केलं, कुणी गो भाषेत थेट जुन्या रेडिटसारखा दिसणारा इंटरफेस केला. सर्व्हर तोच, पोस्टी त्याच, फक्त घराचं दार वेगळं.

सुरुवात अगदी साधी ठेवा. ब्राउझरमध्ये एखाद्या लेमी सर्व्हरचा पत्ता टाका आणि पुढं स्लॅश देत एपीआय, व्ही३, पोस्ट, लिस्ट हे शब्द इंग्रजीत लिहा. समोर जेसनचा, म्हणजे प्रोग्रॅमना वाचता येईल अशा मांडणीतल्या माहितीचा, ढीग येईल. लॉगिन लागत नाही. त्या ढिगातून फक्त शीर्षकं काढून एका पानावर ओळीनं दाखवा. एवढं झालं की तुमचा पहिला इंटरफेस झाला. मी पहिले दोन महिने फक्त वाचता येईल असंच पान ठेवलं होतं, लिहिण्याची सोय नंतर केली. तुम्हीही तसंच करा. लिहिण्याची चाचणी करायची वेळ येईल तेव्हा लेमीच्या विकसकांनी खास चाचणीसाठी ठेवलेले सर्व्हर वापरा. लोकांच्या चालत्या समूहात टेस्ट, टेस्ट म्हणून पोस्टी टाकू नका.

आता मी जिथं अडलो ते सांगतो.

माझे मामा नंदगडकडं भात करतात. त्यांना मी तेच पान फोनवर उघडून दिलं. जुना फोन, काचेला तडा. मामांनी फोन डोळ्यांपासून लांब धरला आणि म्हणाले, "शेतकऱ् काय हे? पुढचं कुठं गेलं?" मी बघितलं तर शीर्षक खरंच 'शेतकऱ्' वर तुटलं होतं आणि पुढं तीन टिंबं. मी शीर्षकं ऐंशी अक्षरांवर कापत होतो आणि कात्री बरोबर जोडाक्षराच्या मधोमध पडली होती.

'शेतकऱ्यांच्या' हा शब्द घ्या. आपल्या डोळ्याला पाच अक्षरं दिसतात: शे, त, क, ऱ्यां, च्या. संगणक तेरा मोजतो, कारण मात्रा, हलन्त, अनुस्वार हे सगळे त्याच्या दृष्टीनं वेगवेगळे. इंग्रजी मजकूर कुठंही कापला तरी अक्षर मोडत नाही, त्यामुळं इंग्रजीत काम करणाऱ्याला ही चूक कधी दिसतच नाही. मी शोधाशोध करून मजकूर अक्षरांत तोडून देणारं जावास्क्रिप्टमधलं इंटल सेगमेंटर वापरलं. माझ्या लॅपटॉपवर बरोबर, मामांच्या फोनवर पुन्हा तेच! कारण शोधायला एक अख्खा रविवार गेला. देवनागरीतली जोडाक्षरं हलन्तापाशी तोडायची नाहीत हा नियम संगणकावर सगळ्या लिप्या कशा लिहायच्या ते ठरवणाऱ्या युनिकोड या मापदंडाच्या १५.१ या आवृत्तीत, म्हणजे सप्टेंबर २०२३ मध्ये आला. त्याआधीच्या ब्राउझरला तो ठाऊकच नाही. शेवटी मी मोजून कापणंच सोडलं. पूर्ण शीर्षक पानात ठेवायचं आणि दोन ओळींनंतर झाकायचं काम पानाची सजावट ठरवणाऱ्या सीएसएसकडं द्यायचं. जिथं कापणं भागच आहे, तिथं शब्दांमधल्या मोकळ्या जागेवर कापायचं.

त्याच पानावर दुसरा दोष होता आणि तो मला कन्नड पोस्टींमुळं कळला. ओळीची उंची १.२ ठेवली होती. मराठीत वरचे रफार आणि वेलांट्या छाटल्या जात होत्या आणि कन्नडमध्ये अक्षराखाली लटकणारी ओत्तक्षरं. उंची १.६ केली आणि दोन्ही लिप्या मोकळ्या झाल्या. शिवाय प्रत्येक पोस्टीला तिच्या भाषेची खूण लावा. नोटो सान्ससारख्या फॉन्टमध्ये मराठीची खूण असेल तर ल आणि श मराठी वळणाचे येतात, नाहीतर हिंदी वळणाचे. आपल्या भागात दुकानाच्या पाटीपासून बसच्या फलकापर्यंत तीन लिप्या रोज डोळ्यांसमोर असतात. त्या तीनही एका पानावर नीट दिसाव्यात हे आपल्याला कुणी समजावून सांगावं लागत नाही, आणि या कामात ही फार मोठी जमेची बाजू आहे.

भाषेचाच आणखी एक घोळ सांगतो, कारण तो नव्या माणसाला हमखास नडतो. लेमीत प्रत्येक पोस्टीला भाषा जोडता येते आणि वाचणारा आपल्या खात्यात भाषा निवडतो. मामांच्या खात्यात मी कौतुकानं फक्त मराठी निवडून दिली. पान रिकामं! बहुतेक लोक पोस्ट टाकताना भाषा निवडतच नाहीत, मग ती पोस्ट 'अनिश्चित' भाषेत जाते. वाचणाऱ्यानं अनिश्चित निवडलं नसेल, तर मराठीत लिहिलेली पोस्टसुद्धा त्याला दिसत नाही. आता आमच्या इंटरफेसमध्ये अनिश्चितची खूण काढायला गेलं की आधी ताकीद येते, आणि पोस्ट लिहिताना भाषेचा रकाना सगळ्यात वर आहे.

भाषांतराबद्दल माझं मत स्पष्ट आहे: लोक जे बोलतात तेच बटणावर लिहा. मी आधी अपव्होटला 'अनुकूल मत' केलं होतं, ते कुणालाच कळलं नाही. पोस्ट, कमेंट, सबस्क्राईब, सर्व्हर हे शब्द आहेत तसे ठेवा. खरी अडचण शब्दांची नसून वाक्यरचनेची आहे. 'अमक्यानं तमक्या समूहात' असलं वाक्य इंग्रजीत नुसतं नाव मध्ये घुसवून जोडता येतं. मराठीत नावाचं सामान्यरूप होतं. समूहाचं नाव 'शेती' असेल तर 'शेतीत', 'नाटक' असेल तर 'नाटकात', 'कुंदा' असेल तर 'कुंद्यात'. प्रोग्रॅमला हे जमत नाही. म्हणून आम्ही वाक्य मोडून 'समूह: नाटक' असं लिहितो. नाव जसंच्या तसं राहतं आणि वाचायला खटकत नाही. एकवचन-अनेकवचनाची दोन वाक्यं वेगळी द्या. '१ मत' आणि '५ मतं' हे एकाच वाक्यात आकडा बदलून भागत नाही.

वेगवेगळे सर्व्हर जोडलेल्या या संघीय रचनेतली एक चूक जवळजवळ प्रत्येक जण करतो. मीही केली. एका पोस्टीची लिंक मित्राला पाठवली, त्याच्याकडं भलतीच पोस्ट उघडली. पोस्टीचा क्रमांक प्रत्येक सर्व्हरवर वेगळा असतो. माझ्या सर्व्हरवरची ५०० क्रमांकाची पोस्ट तुमच्या सर्व्हरवर ५०० नसते. सगळीकडं सारखा असतो तो पोस्टीचा मूळ पत्ता, ज्याला एपी आयडी म्हणतात. शेअर करायचा तो हाच. तो आपल्या सर्व्हरवर शोधायला एपीआयमध्ये रिझॉल्व्ह ऑब्जेक्टची सोय आहे. मतांचे आकडेही सर्व्हरगणिक थोडे वेगळे दिसतात, आणि तुमच्या सर्व्हरवरच्या कुणीच सबस्क्राईब न केलेल्या समूहातल्या नव्या पोस्टी तिथं येतच नाहीत. लोक याला बग समजून तक्रार करतात. त्यांना शांतपणे समजावून सांगणं हाही या कामाचाच भाग आहे.

चित्रांकडं लक्ष द्या. खानापूरच्या पुढं जंगलाकडं गेलं की रेंज अशी-तशीच असते. लेमी चित्रांसाठी पिक्टआरएस नावाचा प्रोग्रॅम वापरतं आणि चित्राच्या पत्त्यात लहान आकार आणि वेबपी हा हलका प्रकार मागितला की ते चित्र छोटं करून देतं. यादीत मूळ फोटो कधीच मागवू नका.

सुरक्षेबद्दल जरा थांबून वाचा. लेमीच्या व्ही३ एपीआयमध्ये लॉगिन म्हणजे नाव आणि पासवर्ड द्यायचा, बदल्यात टोकन, म्हणजे पुढं ओळख पटवणारी किल्ली, मिळतं. म्हणजे तुमच्या इंटरफेसवर लोक आपला पासवर्ड टाइप करतात. मॅस्टोडॉनमध्ये ओऑथ नावाची परवानगीची पद्धत आहे, तिथं पासवर्ड मूळ सर्व्हरलाच दिला जातो आणि फक्त वाचण्याची परवानगी मागता येते. लेमीवर विश्वास सगळा तुमच्यावर. जुलै २०२३ मध्ये मूळ इंटरफेसमध्ये कस्टम इमोजी दाखवण्याच्या जागी एक भोक राहिलं होतं. त्यातून घुसून कुणीतरी एका मोठ्या सर्व्हरच्या प्रशासकाचं टोकन पळवलं आणि सर्व्हरचं पान बदललं. नुसतं मजकूर दाखवण्याचं काम, पण किल्ल्या तिथूनच गेल्या. तेव्हापासून मार्कडाऊनमधून, म्हणजे पोस्टी ज्या साध्या खुणांनी लिहितात त्यातून, येणारं कच्चं एचटीएमएल मी सरळ बंद ठेवलंय आणि सर्व्हरच्या प्रशासकांना सांगतो, हा इंटरफेस तुमच्याच डोमेनवर बसवा. सगळा कोड उघडा ठेवलाय तो यासाठीही. तुम्ही मूळ इंटरफेसचा कोड घेऊन बदलणार असाल तर त्याचा परवाना एजीपीएल हा खुल्या कोडचा परवाना आहे हे ध्यानात ठेवा. बदललेला कोड वापरणाऱ्यांना द्यावाच लागतो.

बांधणं सोपं होतं. टिकवणं हे खरं काम. ०.१८ या आवृत्तीत लेमीनं वेबसॉकेट, म्हणजे सतत उघडी राहणारी जोडणी, काढून साधं एचटीटीपी ठेवलं. डिसेंबर २०२३ मध्ये ०.१९ आली आणि टोकन पाठवायची जागाच बदलली. आधी ते विनंतीच्या मजकुरात जायचं, आता विनंतीच्या हेडरमध्ये, म्हणजे मजकुराआधीच्या माहितीत. त्या रात्री आमच्याकडं करंट गेला होता. फोनचा हॉटस्पॉट आणि लॅपटॉपची उरलेली चाळीस टक्के बॅटरी यावर मी काम करत होतो. टोकन पाठवणारा कोड एकोणीस फायलींत पसरलेला होता. तेव्हा जे शिकलो ते असं: सर्व्हरशी होणारं सगळं बोलणं एकाच फाइलमधून करा. सर्व्हरची आवृत्ती साइटच्या एपीआयमधून आधी विचारून घ्या आणि जुन्या-नव्या दोन्हींना काही महिने सांभाळा, कारण सगळे प्रशासक एकाच दिवशी अपडेट करत नाहीत. लेमीची अधिकृत जावास्क्रिप्ट लायब्ररी वापरा आणि तिची आवृत्ती सर्व्हरच्या आवृत्तीशी जुळती ठेवा. नवी आवृत्ती बाहेर पडण्याआधीच तिची टिपणं वाचायची सवय लावा.

नोकरीचं विचाराल तर पैसे यात नाहीत. देणग्यांतून सर्व्हरचं भाडं कसंबसं निघतं. पण मुलाखतीत मी ती एकोणीस फायलींची गोष्ट सांगतो आणि बदलांचा इतिहास उघडून दाखवतो. पुण्यातल्या एका मुलाखतीत समोरच्यानं माझ्या कॉलेजचं नाव वाचून कागद बाजूला ठेवला होता. कोड दाखवल्यावर पाऊण तास बोलणं झालं. विश्वेश्वरय्या विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात दुसऱ्याचा चालता कोड वाचायला मला कुणी शिकवलं नाही, ते इथं शिकलो. तुमची पहिली दुरुस्ती भाषांतराची असली तरी चालेल, फक्त ती पाठवा आणि परीक्षणात आलेल्या शेऱ्यांना उत्तर द्या.

एकट्यानं मात्र सांभाळू नका. मॅस्टोडॉनसाठीचा पिनाफोर हा इंटरफेस किती देखणा आणि हलका होता! जानेवारी २०२३ मध्ये त्याच्या कर्त्यानं आता थांबतोय म्हणून सांगितलं. सरळ सांगितलं, कोड उघडा ठेवला, म्हणून दुसऱ्यांना तो पुढं नेता आला. ते वाचल्यावर मी स्वतःला विचारलं, उद्या मला जमलं नाही तर मामांचं पान कोण उघडं ठेवणार?

गेल्या वर्षी निपाणीच्या एका मुलीनं कन्नड भाषांतरातल्या चुका दाखवणारा निरोप पाठवला. अठ्ठावीस चुका, प्रत्येकीसोबत स्क्रीनशॉट. मी तिला म्हटलं, तूच दुरुस्त कर. तीन महिन्यांत तिनं भाषांतर संपवून कोडला हात घातला. आता रिलीज करण्याचे हक्क आम्हा दोघांकडं आहेत. मागची आवृत्ती तिनं एकटीनं बाहेर काढली, मी त्या दिवशी मामांकडं भाताच्या मळणीला होतो. रात्री फोन उघडला तर तिचा एका ओळीचा मेसेज होता: "गेली बघा दादा, काय मोडलं नाही."