कारखान्यातलं पर्यावरणाचं काम: या चुका टाळा

कंपनीत पर्यावरणाची जबाबदारी नव्याने कुणाच्या गळ्यात पडली की पहिली मागणी येते ती रोपांची आणि बॅनरची. फोटो निघतात, अहवालाचं मुखपृष्ठ तयार होतं, आणि मागच्या बाजूला सांडपाण्याच्या टाकीवर फेस तसाच उसळत असतो. खासगी उद्योगांनी पर्यावरणासाठी काय करावं यावर १९९२ च्या रिओ परिषदेपासून ढिगाने लिहिलं गेलंय, त्यात इथे भर घालायची नाही. माल कुठलाही बनत असो, ज्या चुका हमखास होतात तेवढ्याच सांगायच्या आहेत. त्यातल्या दोन अशा आहेत की त्यांच्यावर सविस्तर बोलल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

रात्री ब्लोअर बंद ठेवणे

ईटीपीत, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या संयंत्रात, सगळ्यात जास्त वीज टाकीत हवा सोडणारा ब्लोअर खातो. खर्च कमी करा असा वरून निरोप आला की पहिला हात त्याच्याच बटणाकडे जातो. रात्री दहाला बंद, सकाळी सहाला चालू. बिलात फरक दिसतो, आणि पहिले काही दिवस बाहेर पडणाऱ्या पाण्यात फारसा फरक दिसत नाही. सगळे फसतात ते इथेच.

या हवा सोडलेल्या टाकीतले, म्हणजे एरेशन टाकीतले, घाण खाणारे जिवाणू चांगले पोसलेले असले तर तासाला लिटरमागे ३०-४० मिलिग्रॅम ऑक्सिजन खातात. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन असतो लिटरला जेमतेम २ मिलिग्रॅम. म्हणजे हवा थांबली की तीन-चार मिनिटांत शिल्लक खलास. रात्री येणारं सांडपाणी कमी असेल तर अर्धा तास धरा. आठ तास कुठल्याच हिशेबाने निघत नाहीत.

पेयं भरणाऱ्या कारखान्यात या बचतीचं पुढे काय होतं, ते बघा. पहिल्या आठवड्यात गाळाचा (म्हणजे या जिवाणूंच्याच पुंजक्यांचा) तपकिरी रंग काळपट होतो आणि सकाळी ब्लोअर सुरू करताना कुजक्या अंड्यांचा वास येतो. ऑपरेटर नाक मुरडतो, नोंद करत नाही. दुसऱ्या आठवड्यात रात्री तळाशी बसलेला गाळ हवा सोडणाऱ्या डिफ्यूजरच्या छिद्रांत शिरलेला असतो. ब्लोअरचा दाब चढतो, टाकीच्या एका कोपऱ्यात हवेचा डोंब उसळतो आणि दुसऱ्या कोपऱ्यात पाणी निपचित पडलेलं असतं. तिसऱ्या आठवड्यापर्यंत कमी ऑक्सिजनवर तगणारे तंतुमय जिवाणू टाकीचा ताबा घेतात. त्यांचा गाळ कापसासारखा फुगतो, बसायला तयार होत नाही आणि क्लॅरिफायरच्या, म्हणजे गाळ खाली बसवणाऱ्या टाकीच्या, कडेवरून पाण्याबरोबर वाहून जातो. त्यातच शनिवारी उत्पादनाच्या सगळ्या टाक्या कॉस्टिक सोड्याने धुऊन ते पाणी एकदम सोडलेलं असतं. सोमवारी सीओडी (पाण्यातल्या घाणीचं रासायनिक माप) वर, गाळ गायब, आणि साहेब विचारतात, अचानक कसं झालं?

मग धावाधाव. पाकिटातले जिवाणू मागवले जातात. टाकीत हवा नसेल तर तेही त्याच वाटेने जातात, शिवाय बिल वेगळं. कोणी क्लॅरिफायरमध्ये गाळ गोळा करणारं पॉलिमर ओततो. त्याने दोन दिवस पाणी नितळ दिसतं, रोग तसाच राहतो. सगळ्यात वाईट म्हणजे चांगलं पाणी मिसळून आकडे बसवणं. ५० घनमीटर पाण्यात बीओडी (घाण खायला जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन, म्हणजे घाणीचं माप) लिटरला २०० मिलिग्रॅम असेल तर नाल्यात १० किलो भार जातो. त्यात ५० घनमीटर स्वच्छ पाणी ओतलं की कागदावर १०० दिसतात, नाल्यात जातात तेच १० किलो. वर चांगलं पाणी वाया. याला प्रक्रिया म्हणत नाहीत.

उपाय नीरस आहे, म्हणूनच टाळला जातो. रोज ठरलेल्या वेळी एरेशन टाकीतलं एक लिटर पाणी मोजपात्रात घ्यायचं, ३० मिनिटं हलवायचं नाही, गाळ किती मिलिलिटरवर बसला ते लिहायचं. त्या आकड्याला १००० ने गुणून एमएलएसएसने (टाकीतल्या लिटरभर पाण्यात तरंगणारा गाळ, मिलिग्रॅममध्ये) भागलं की एसव्हीआय, म्हणजे गाळ किती फुगलाय त्याचा निर्देशांक, निघतो. एमएलएसएस ३००० असताना गाळ ३०० वर बसला तर एसव्हीआय १००, उत्तम. तोच ६०० वर थांबला तर २००, म्हणजे गाळ फुगलाय. १५० ओलांडला की त्याच दिवशी कारण शोधायला लागायचं. विरघळलेला ऑक्सिजन (डीओ) मोजणारा पोर्टेबल मीटर दिवसा मिरवून उपयोग नाही, रात्री दोनचं रीडिंग खरं. बारा महिने रोज बरोब्बर २.० लिहिलेलं रजिस्टर दिसलं तर समजावं की मीटर कपाटात आहे.

वीज वाचवायचीच असेल तर ब्लोअरला व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारं उपकरण) लावा आणि डीओ ५ वर जात असेल तो २ वर आणा. रूट्स प्रकारच्या ब्लोअरमध्ये वेग जितका कमी, साधारण त्याच प्रमाणात वीज कमी. तोही एका मर्यादेखाली उतरवायचा नाही, कारण हवा गाळ तरंगत ठेवण्याचंही काम करते आणि फार कमी वेगाला मशीन तापतं.

जिवाणूंच्या खुराकाचंही तसंच. साखर असलेल्या सांडपाण्यात नत्र आणि स्फुरद जवळजवळ नसतं, आणि तंतुमय जिवाणूंना ही उपासमारही मानवते. प्रमाण सगळ्यांना पाठ असतं, बीओडी १००, नत्र ५, स्फुरद १. हिशेब मात्र कोणी करत नाही, घमेलं भरून युरिया टाकतात. रोज १०० किलो बीओडी येत असेल तर ५ किलो नत्र आणि १ किलो स्फुरद लागतं. डीएपी खत ५ किलो टाकलं की स्फुरद भागतं आणि ०.९ किलो नत्रही मिळतं. उरलेल्या ४.१ किलो नत्राला सुमारे ९ किलो युरिया. सांडपाण्यात आधीच असलेलं नत्र तपासून वजा करा, नाहीतर बाहेरच्या पाण्यात अमोनिया सापडेल आणि पुन्हा नवी धावाधाव.

आणि टाक्या धुण्याचं पाणी एकदम सोडू नका. इक्वलायझेशन टाकी (कमी-जास्त येणारं सांडपाणी साठवून पुढे सारख्या प्रमाणात सोडणारी) रोज सकाळी निम्म्याहून जास्त भरलेली दिसत असेल तर ती इक्वलायझेशनचं काम करत नाही, नुसती साठवणीची टाकी झालेली आहे.

कार्बनचा हिशेब पीडीएफमध्ये मागणे

ही दुसरी लाडकी चूक. वर्षाअखेरीस सल्लागार कंपनीच्या उत्सर्जनाचा चकचकीत अहवाल देतो, कंपनी तो छापते, आणि पुढच्या वर्षी नवा सल्लागार आला की आकडा कसा आला हे कोणालाच सांगता येत नाही. अहवाल पीडीएफमध्ये छापा, पण ताब्यात घ्यायची ती सूत्रं उघडी असलेली एक्सेल फाइल. प्रत्येक आकड्यासमोर एकक, उत्सर्जनाचा गुणांक, तो कुठून घेतला आणि कुठल्या बिलावरून आला, एवढं नसेल तर पैसे देऊ नका.

जीएचजी प्रोटोकॉल, म्हणजे हरितगृह वायूंच्या हिशेबाचे नियम, २००१ पासून उपलब्ध आहे, तीन स्कोपची (स्वतःचं थेट उत्सर्जन, विकत घेतलेली वीज, बाकीची साखळी) विभागणी आता सगळ्यांना तोंडपाठ आहे. तरी तीच गळती. डिझेल घ्या. खरेदीचा आकडा थेट वापर म्हणून टाकतात. वापर म्हणजे सुरुवातीचा साठा अधिक खरेदी वजा शेवटचा साठा. मार्चमध्ये टाकी काठोकाठ भरून घेणाऱ्या कंपनीचं उत्सर्जन उगाच फुगतं आणि पुढच्या वर्षी आपोआप 'घटतं'. मग त्या घटीवर भाषणंही होतात.

सगळ्यात जास्त विसरला जातो तो एसी आणि चिलरमधला गॅस. धूर दिसत नाही, मीटर नाही, आणि बिल देखभालीच्या खात्यात जातं. आर-४१०ए या गॅसचा एक किलो हवेत सुटला तर तो सुमारे दोन हजार किलो कार्बन डायऑक्साइडइतकी तापमानवाढ करतो. वर्षभरात १० किलो भरावा लागला म्हणजे तेवढा गळाला, म्हणजे जवळपास २० टन. एक लिटर डिझेल जळून साधारण २.६८ किलो निघतो, या हिशेबाने हे झालं सुमारे साडेसात हजार लिटर डिझेल. जनरेटरच्या लिटरलिटरचा हिशेब ठेवणारे हे सरळ सोडून देतात. माहिती मिळवायला हेरगिरी लागत नाही, देखभाल कंत्राटदाराच्या सर्व्हिस स्लिपवर किती किलो गॅस भरला ते लिहिलेलं असतं. नसेल तर ते लिहिल्याशिवाय बिल पास करू नका. जुन्या मशीनमध्ये आर-२२ असेल तर तो ओझोन वाचवण्याच्या मॉन्ट्रियल करारातला गॅस आहे, त्याची नोंद तीन स्कोपच्या बाहेर वेगळी करायची. उच्चदाबाच्या स्विचगिअरमधला एसएफ६ हा विद्युतरोधक गॅस तर किलोमागे २३ टनांच्या वर जातो, आणि तो विद्युत विभागाच्या कुठल्यातरी रजिस्टरमध्ये पडून असतो.

आधारवर्षाबद्दल, म्हणजे ज्याच्याशी पुढची वर्षं ताडून बघायची त्या वर्षाबद्दल, एवढंच, की २०२० धरू नका. कारखाने बंद होते तो आकडा पाया म्हणून घेतला तर पुढची सगळी वर्षं वाढच दिसेल. याउलट मुद्दाम वाईट वर्ष निवडणारेही आहेत. त्यांना काय सांगावं?

मग येतं 'प्रति टन उत्पादन २० टक्के घट' हे वाक्य. उत्पादन त्याच काळात ४० टक्के वाढलं असेल तर ०.८ गुणिले १.४, म्हणजे एकूण उत्सर्जन १२ टक्के वाढलं. दोन्ही आकडे शेजारीशेजारी छापा. एकच छापायचा हट्ट असेल तर कुठला लपवायचाय ते वाचणाऱ्याला कळतंच.

बाकीच्या, थोडक्यात

नेट झिरोची, म्हणजे निव्वळ शून्य उत्सर्जनाची, तारीख आधी आणि आराखडा नंतर. कंपन्यांची उत्सर्जन-उद्दिष्टं तपासणाऱ्या एसबीटीआयच्या २०२१ च्या मानकात साधारण ९० टक्के कपात स्वतःच्या साखळीत करायची आणि उरलेल्यापुरतंच बाहेर बघायचं असा क्रम आहे. दुसऱ्याने केलेल्या कपातीचं क्रेडिट विकत घेऊन सुरुवात करणारे तो उलटा वाचतात.

रोपं किती लावली हे सांगू नका, तीन वर्षांनी किती जगली ते सांगा.

आयएसओ १४००१ या पर्यावरण व्यवस्थापनाच्या मानकाचं प्रमाणपत्र म्हणजे कारखाना स्वच्छ असं नाही. त्यात व्यवस्था तपासली जाते, नाल्यातलं पाणी नाही.

कॉम्प्रेस्ड एअरची गळती कोणाला ग्लॅमरस वाटत नाही, म्हणून सौर पॅनल आधी येतात. ७ बार दाबाला ३ मिलिमीटरचं एक भोक ३ ते ४ किलोवॉट खातं, वर्षभर चालू राहिलं तर २५ हजारांहून जास्त युनिट. सुट्टीच्या दिवशी सगळी मशीन बंद ठेवून कॉम्प्रेसर चालू करा, तो किती वेळ लोडवर (हवा दाबत) जातो आणि किती वेळ अनलोड (नुसता फिरत) राहतो ते घड्याळ लावून लिहा. २ मिनिटं लोड आणि ६ मिनिटं अनलोड असेल तर २५ टक्के हवा नुसती गळतेय. पॅनलची निविदा त्यानंतर.

झिरो लिक्विड डिस्चार्जची, म्हणजे सांडपाण्याचा थेंबही बाहेर न सोडण्याची, घाई करणाऱ्यांनी क्षाराचं काय करणार ते आधी सांगावं. आरओची रिकव्हरी (परत मिळणारं पाणी) ७५ टक्के असली तर १०० घनमीटरमागे २५ घनमीटर चौपट खारं पाणी उरतं, आणि ते आटवायला वाफ लागते. आधी पाण्याचा वापर कमी करा, संयंत्र लहान लागेल.

एकाचा कचरा दुसऱ्याचा कच्चा माल, हे परिषदा भरवून होत नाही. डेन्मार्कमधल्या कालुंडबोर्गचं उदाहरण सगळे देतात. तिथे १९७२ च्या सुमाराला तेलशुद्धीकरण कारखान्याचा जादा गॅस शेजारच्या जिप्सम बोर्डच्या कारखान्याला जाऊ लागला. मग वाफ, पाणी, जिप्सम असे एकेक करार दोन-दोन कंपन्यांमध्ये होत गेले. मोठा आराखडा कोणी काढला नव्हता. एक टाकाऊ पदार्थ घ्या, त्याची वर्षभराची मात्रा आणि तपासणी अहवाल हातात ठेवा, एक गिऱ्हाईक गाठा.

नमुना. सकाळी अकराला, पाणी सगळ्यात स्वच्छ असताना, एक बाटली भरून प्रयोगशाळेत पाठवायची सवय मोडा. चोवीस तास, दर तासाला, प्रवाहाच्या प्रमाणात थोडं थोडं पाणी घेऊन एकत्र करा, बाटली ४ अंशांच्या आसपास थंड ठेवा आणि बीओडीची चाचणी चोवीस तासांच्या आत सुरू होईल अशा वेळी पोचवा. बाटलीवर नमुना घेणाऱ्याचं नाव आणि वेळ पेनाने नाही, न पुसणाऱ्या मार्करने. थंड बाटलीला घाम येतो.