नवे नाव कायम करण्यापूर्वी वापरून पाहा

ट्रान्सजेंडर व्यक्ती नवे नाव निवडताना बहुधा अर्थापासून सुरुवात करते. पण अर्थ क्वचितच कोणी विचारतो, हाक मात्र दिवसातून अनेकदा येते. म्हणून मनात भरलेली दोन-तीन नावे विश्वासातल्या एखाद्या व्यक्तीला सांगावीत आणि प्रत्येक नावाने आठवडाभर हाक मारण्याची, निरोपातही तेच लिहिण्याची विनंती करावी. पाठीमागून हाक आल्यावर मान आपोआप वळते का, फोनवर ‘मी किरण बोलतेय’ किंवा ‘बोलतोय’ हे वाक्य न अडखळता निघते का, हे कागदावरच्या यादीवरून कळत नाही. ज्यांना आपली ओळख लगेच सर्वांसमोर उघड करायची नाही, त्यांना किरण, शशी यांसारखी स्त्री-पुरुष दोघांनाही चालणारी नावे सोयीची पडतात. अर्थात मराठीत क्रियापदच लिंग सांगून मोकळे होते, त्यामुळे नावाच्या आडोशाला मर्यादा आहे. जुन्या नावाचे आद्याक्षर कायम ठेवल्यास सही फारशी बदलावी लागत नाही, परंतु जुन्या नावाची आठवणच नको असेल तर एवढ्या सोयीसाठी ते ओझे वाहू नये.

अधिकृत अर्ज मात्र सर्वांत शेवटी करावा, आणि त्याआधी रोमन लिपीतले स्पेलिंग पक्के करावे: ‘दीपा’तली दीर्घ ‘ई’ एका ‘आय’ने लिहायची की दोन ‘ई’ने, हे एकदाच ठरवून बँक, प्रमाणपत्रे आणि पासपोर्ट यांवर अक्षरशः तेच ठेवावे.