चाळीस शेळ्या, पण हिशोबात किती?

कळपातली डोकी मोजणं सोपं. पुढच्या पिढीत रक्त किती जणांचं उतरतं, ते वेगळं मोजावं लागतं. त्याला परिणामकारक संख्या म्हणतात. धाराशिव-लातूरकडे उस्मानाबादी शेळ्या पाळणाऱ्यांकडे गेलो की मी आधी बोकड मोजतो, शेळ्या नंतर.

सूत्र वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा: ४ गुणिले नर गुणिले माद्या, भागिले नर-माद्यांची बेरीज. सारस पक्षी जोडीने राहतो; २० जोड्यांना सूत्र ४० च देतं. शेळ्यांचं तसं नाही. ४० शेळ्या, १ बोकड: १६० भागिले ४१, म्हणजे ३.९. आता १०० ला याच्या दुपटीने भागा. बाहेरचं जनावर येत नसेल, तर अंतःप्रजनन, म्हणजे नात्यातल्या जनावरांचं आपसातलं प्रजनन, दर पिढीला जवळपास १३ टक्क्यांनी वाढणार. शेळ्या वाढवून भागत नाही; ४०० केल्या तरी एका बोकडावर आकडा ४ च्या पुढे सरकत नाही. त्याच ४० शेळ्यांना ४ बोकड ठेवा, आकडा १४.५ होतो आणि वाढ साडेतीन टक्क्यांच्या आत येते.

पण सगळे बोकड सारख्याच शेळ्या गाभण करतात, असं हे सूत्र धरून चालतं. कळपात तसं कुठे असतं! दांडगा बोकड बाकीच्यांना ढुशा मारून हुसकावतो. ३१ शेळ्या त्याच्याकडून गाभण राहिल्या आणि उरलेल्या तिघांना ३-३ मिळाल्या, तर चौघे मिळून हिशोबात जेमतेम दीड बोकडाइतके भरतात; आकडा ६ वर येतो.

हे पकडायला बोकडाच्या छातीला तेलात कालवलेला रंग चोळा: एकाला गेरू, दुसऱ्याला नीळ, असा प्रत्येकाचा वेगळा. सकाळी शेळीच्या शेपटीच्या वर डाग दिसला की कानातला बिल्ला वाचून नोंद करा. रंग उडतो, पुन्हा लावत राहा. साधारण २१ दिवसांनी नवा डाग दिसला, तर आधीची लागण फुकट गेली, नोंद बदला.

त्याहून खात्रीचं म्हणजे बोकड वेगळे बांधून माजावरची शेळी ठरलेल्याकडेच नेणं. प्रत्येकाला १० शेळ्या. त्याच्या बहिणी, लेकी त्या गटात नकोत.

पुढच्या पिढीला चारही बापांचा एकेक बोकड राखा. नुसतं दिसण्यावर निवडलं तर चारही एकाच बापाचे निघू शकतात. बकरी ईदला भाव चढला की राखायचे बोकडच विकले जातात, म्हणून त्यांचे बिल्ले आधीच लावा. शेजारच्या गावाशी अदलाबदल करणार असाल, तर त्यांचा बोकड मूळचा तुमच्याच कळपातला नाही ना, हे विचारून घ्या.