येऊ घातलेल्या स्वस्त विजेवरच्या मोटारीचा अंदाज कसा बांधावा

दहा लाखांच्या आसपासची नवी विजेवरची मोटार येणार अशी बातमी आली की आधी तिच्या टचस्क्रीनची आणि सनरूफची चर्चा सुरू होते. अंदाज बांधण्याची सुरुवात मात्र किमतीपासून करावी, कारण या गटात खर्चाचा सर्वांत मोठा वाटा बॅटरीचा असतो आणि ती किती मोठी परवडेल हे एकदा ठरले की बाकीच्या बऱ्याच गोष्टींना आपोआप मर्यादा पडतात.

त्यासाठी आधीच्या गाड्या समोर ठेवाव्यात. सप्टेंबर २०२२ मध्ये टाटा टियागो ईव्ही ८.४९ लाखांपासून आली, तेव्हा १९.२ आणि २४ किलोवॅट-अवर (बॅटरीत किती वीज साठते त्याचे माप) अशा दोन बॅटऱ्या होत्या. २०२३ मध्ये ७.९८ लाखांना आलेल्या एमजी कॉमेटची बॅटरी १७.३ किलोवॅट-अवरची होती. बॅटरी तेव्हापासून स्वस्त झाली आहे हे खरे, तरी याच किमतीत कोणी ५०० किलोमीटरची रेंज, म्हणजे एकदा चार्ज केल्यावर जाता येणारे अंतर, मिळणार म्हणत असेल तर ते ऐकून सोडून द्यावे. कंपनी रेंजचा जो चाचणीतला आकडा सांगते, तोही जसाच्या तसा धरू नये. टियागोच्या २४ किलोवॅट-अवर बॅटरीसाठी जाहीर झालेली रेंज ३१५ किलोमीटर होती. एसी लावून गर्दीतून आणि अधूनमधून महामार्गावरून जाणाऱ्याने अशा आकड्याचा साधारण दोन-तृतीयांश भाग हिशेबात धरावा. शिवाय तो आकडा केवळ शहरी वेगाच्या चाचणीचा आहे की महामार्गाच्या वेगाचा टप्पाही त्यात धरला आहे, हे पाहावे.

दुसरा प्रश्न प्लॅटफॉर्मचा, म्हणजे गाडीच्या मूळ सांगाड्याचा. पेट्रोल गाडीच्या सांगाड्यात बॅटरी बसवली असेल तर जागेची ओढाताण ठरलेली. टियागो ईव्हीमध्ये स्टेपनीऐवजी पंक्चर दुरुस्तीचे किट आले ते यामुळेच. सांगाडा मुळातून विजेसाठी आखलेला असेल तर, जानेवारी २०२४ च्या पंच ईव्हीसारखी, बॉनेटखाली १४ लिटरची का होईना, सामानाची जागा मिळू शकते.

पुणे-चाकण भागात रूप लपवणाऱ्या नक्षीदार वेष्टनातल्या चाचणीच्या गाड्या दिसतात आणि त्यांचे फोटो लगेच फिरू लागतात. त्यात दिव्यांच्या आकारापेक्षा चार्जिंगचे झाकण, मागच्या चाकात डिस्क ब्रेक आहे की ड्रम आणि पुढच्या काचेच्या वरच्या कडेला कॅमेरा आहे का, हे शोधावे. मात्र चाचणीची गाडी बहुधा वरच्या व्हेरियंटची असते, त्यामुळे तिच्यात दिसलेले सारे सर्वांत स्वस्त गाडीत येईल असे मानू नये. कायद्याने सक्तीच्या गोष्टींचा, म्हणजे एबीएस (ब्रेक दाबताना चाके अडकू न देणारी यंत्रणा), पुढच्या दोन एअरबॅग आणि मागच्या पार्किंग सेन्सरचा, अंदाज करण्याची गरजच नाही. जाहिरातीत त्या ठळकपणे छापल्या तरी तो कंपनीचा उदारपणा नव्हे.

चार्जिंगचा अंदाज साध्या भागाकाराने निघतो. घरच्या १५ अँपिअरच्या सॉकेटवर ३.३ किलोवॅटने २४ किलोवॅट-अवरची बॅटरी भरायला, गळती धरून, सुमारे आठ तास लागतात. कॉमेट फास्ट चार्जिंगशिवाय आली होती, म्हणून ही सोय गृहीत धरू नये.

शेवटी जाहीर किमतीत बॅटरी धरली आहे का, हे तपासावे. सप्टेंबर २०२४ मध्ये एमजी विंडसर ९.९९ लाखांना आली, पण त्यात बॅटरी नव्हती. तिचे भाडे किलोमीटरमागे ३.५ रुपये होते. महिन्याला १,५०० किलोमीटर चालवणाऱ्याला हे ५,२५० रुपये पडत आणि विजेचे बिल वेगळे.