मेंडोझाची शार्दोने वरूडच्या वावरात उघडण्याआधी

अर्जेंटिनाहून कुणी घरचं माणूस शार्दोनेची, म्हणजे त्याच नावाच्या द्राक्षाच्या पांढऱ्या वाइनची, बाटली घेऊन येणार असेल, तर सगळ्यात आधी महिना ठरवा. डिसेंबर-जानेवारी, हुरड्याचे दिवस. मे महिना मुळीच नको. ४५ अंशांच्या उन्हात गाडीच्या डिक्कीत राहिलेली वाइन शिजल्यासारखी लागते, बूचही वर सरकतं.

या वाइनला एवढं जपायचं, कारण तिची सगळी कमाई थंडाव्याची आहे. अर्जेंटिनाच्या मेंडोझा प्रांतातल्या उको खोऱ्यात ऊन कडक, पाऊस वर्षाला जेमतेम २०० मिलिमीटरच्या आसपास, आणि वेली जगतात अँडीजच्या वितळलेल्या बर्फावर. पण मळे साधारण ९०० ते १,५०० मीटरवर. वरचे मळे तर आपल्या चिखलदऱ्याहूनही उंच. दिवस मावळला की पारा झपाट्यानं उतरतो. रात्री उकाड्याच्या असल्या की द्राक्षाला आंबटपणा देणारं मॅलिक आम्ल खर्ची पडतं, तिथे ते टिकून राहतं. म्हणून पिकल्या फळाचा गोडवा आणि लिंबासारखी धार एकाच घोटात मिळते. तिथल्या ग्वालतायारी भागात निकोलास कातेना या वाइन उत्पादकानं १९९२ साली जवळपास १,४५० मीटरवर मळा लावला, तेव्हा इतक्या उंचीवर फळ पिकणार नाही असं त्यांना सांगितलं गेलं होतं. आज तिथली शार्दोने जगभर वाखाणली जाते. ही मेहनत आपल्या दारात येऊन वाया जाऊ नये, एवढंच माझं म्हणणं.

येणाऱ्याला आधीच सांगा, बाटली कपड्यांत गुंडाळून चेक-इन बॅगेत ठेव. एका प्रवाशाला २ लिटरपर्यंत करमुक्त आणता येते. आपल्या राज्यात बाळगायला आणि प्यायला परवाना लागतो, तो काढून ठेवा. रस्त्याचंही बघा. नागपूरहून अमरावतीचा महामार्ग कारंजा-तळेगावमार्गे वर्धा जिल्ह्यातून जातो आणि तिथे दारूबंदी आहे. वरूडला यायचं तर काटोल-जलालखेड्याचा रस्ता धरा.

घरी आल्यावर बाटली टिनाच्या खोलीत किंवा फ्रीजच्या डोक्यावर नको. मातीच्या भिंतीची आतली अंधारी खोली उत्तम. बूच असलेली बाटली आडवी ठेवा, म्हणजे ते सुकत नाही. बूच काढायचा स्क्रू नागपूरहूनच मागवून घ्या, तालुक्याला मिळेलच असं नाही.

जेवणाचा विचार मात्र निवांत करा. सावजी रस्सा या वाइनला गिळून टाकेल, ठेचाही तसाच. लाकडी पिंपात मुरलेली असेल तर तिला लोण्याचा, भाजल्या दाण्यांचा वास असतो, आणि तिथे हुरड्याची जोडी फार सुंदर जमते: भाजलेली कोवळी ज्वारी, शेंगदाण्याची कमी तिखटाची चटणी, सोबत दही. सांबारवडी चालेल, पण मिरची बेतानं. हळद-मिठात घोळून तव्यावर परतलेला नदीचा मासा मिळाला तर मी बाकी सगळं बाजूला ठेवीन.

पेले काचेचे, पातळ, तोंडाशी निमुळते घ्या आणि साबणाचा वास जाईपर्यंत धुवा. बाटली १० ते १२ अंशांवर हवी. फ्रीजमधली असेल तर वीसेक मिनिटं आधी बाहेर काढा, कारण फार गार वाइनचा वास दबतो. वावरात लाईटचा भरवसा नसतो, म्हणून बादली, बर्फ, पाणी आणि मूठभर मीठ सोबत न्या. वीसेक मिनिटांत काम होतं. शेकोटीपासून बाटली लांब ठेवा.

७५० मिलिलिटरमध्ये पाच माणसांना पुरेल एवढीच ती असते. न पिणाऱ्यांसाठी संत्र्याचा ताजा रस काढून ठेवा. जो पिणार आहे त्यानं मोटरसायकलची किल्ली आधीच दुसऱ्याकडे द्यावी. घरी सोडणारा कोण, हे दुपारीच ठरलेलं असावं. उरलीच, तर बूच घट्ट लावून फ्रीजमध्ये उभी ठेवा आणि दोन-तीन दिवसांत संपवा.